बॉबिनच्या पोटातल्या चुण्या

आमच्या ह्यांना एक रोग आहे. लोंबणारा दोरा दिसला की ह्यांचा हात थांबत नाही. शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्याला असा रोग असला तर एका परीनं बरंच, पण हे दुकानाबाहेरही ऐकत नाहीत. एकदा बँकेत काउंटरपलीकडच्या बाईंच्या बाहीचा दोरा तोडायला ह्यांनी काचेखालच्या फटीतून हात घातला होता. पहारेकरी धावत आला. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तर नवऱ्या मुलाच्या कोटाला मागून कात्री लावली. अल्बममध्ये तो मुलगा दचकलेला दिसतो, आणि त्याच्यामागे कात्री उगारून जो माणूस उभा आहे तो माझा नवरा.

गल्ली ह्यांना मास्तर म्हणते, तर मीही मास्तरच म्हणते. कापणं आणि मशीन मास्तरांकडे. काज, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांची समजूत घालणं माझ्याकडे. आणि बॉबिनही माझ्याकडे, असं मास्तरांचं म्हणणं.

बॉबिन ही मांजर, मशीनच्या खालच्या छोट्या रिळाचं नाव ठेवलेली. मुठीएवढी असताना चिंध्यांच्या टोपलीत सापडली. त्याच दिवशी मास्तरांनी जाहीर करून टाकलं, "मांजर तुझी. माझा हिच्याशी काडीचा संबंध नाही." काडीचा संबंध नसलेला हा माणूस जेवताना माशाचा मधला तुकडा ताटाच्या कडेला सरकवतो, "काटे फार आहेत ह्यात" म्हणतो, आणि थोड्या वेळानं तो तुकडा ताटात नसतो. मी काही बोलत नाही. संसारात सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

त्या दिवशी दुपारपासून बॉबिनचं काहीतरी बिनसलं. कापायच्या टेबलाखाली अंग चोरून बसली. दोनदा पांढरा फेस ओकली. वाटी पुढे केली तर तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर माझ्याकडे मान वर करूनही बघेना.

वरच्या मजल्यावर माझ्या मोठ्या वन्सं राहतात. जिन्यावर कान ठेवूनच राहतात म्हटलं तरी चालेल. त्या लगेच खाली आल्या.

"चमचाभर तेल पाज गं. जे काय अडकलं असेल ते सुर्रकन बाहेर."

"बरोबर आहे ताईचं," मास्तर म्हणाले. "दोन चमचे पाज."

मास्तरांनी बहिणीचं बोलणं पहिल्या झटक्यात मान्य केलं, हे मी आमच्या लग्नापासून पहिल्यांदा बघत होते. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष मांजरात. तेलाचा पहिला घोट बॉबिननं वन्संच्या नव्या कपड्यांवर उडवला आणि त्या तणतणत वर गेल्या.

"दवाखान्यात नेते मी हिला," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"कोपऱ्यावरच्या. दुसरा आहे कुठे जवळ?"

मास्तरांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. त्यालाही कारण होतं. कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई एकदा आमच्याकडे कोट घेऊन आल्या होत्या. काखेतली शिवण फाटली होती आणि आतलं अस्तर लोंबत होतं. मास्तरांनी पैसे सांगितले तेव्हा बाई म्हणाल्या, "चार टाक्यांचे एवढे?" झालं! मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शिवण ओढायची नसते, बाई. हे लहान पोरालाही कळतं. ओढलीत म्हणून फाटली," असं सुनावून त्यांनी कोट घडी करून परत हातात दिला. तेव्हापासून दवाखाना आला की मास्तर रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

"आधी खर्चाचं बघ," ते म्हणाले. "न्हाव्याच्या कुत्र्याचं बिल ऐकलंस ना? कुत्रा बरा झाला आणि न्हावी आडवा पडला."

"माझ्या काजांचे पैसे आहेत माझ्याकडे. तुम्ही नुसते बरोबर चला."

तिला न्यायचं कशात, हा पुढचा प्रश्न. पिंजरा घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. शेवटी मास्तरांनी कोटाचं कव्हर काढलं, सूट घरपोच द्यायला वापरतात ते, लांब, चेनचं. बॉबिनला आत ठेवून चेन लावली. वरच्या बाजूला हँगरच्या आकड्यासाठी जे भोक असतं, त्यातून तिचं डोकं बाहेर आलं. रस्ताभर लोक वळून वळून बघत होते. कव्हरवर आमच्या दुकानाचं नाव आहे आणि त्याच्या वर, कॉलरच्या जागी, रागावलेली मांजर.

दवाखान्यातल्या टेबलावरच्या मुलीनं बघितलं, पण हसली नाही. सवय असेल. "पुढच्या वेळी पिंजरा आणा हं," ती म्हणाली. "कुत्र्यांना बघून सुटली तर सापडणार नाही. मालकाचं नाव?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

बाकावर मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन एक आजोबा बसले होते. बरेच जुने गिऱ्हाईक दिसत होते, कारण पोपटानं तिथल्या मुलीचं बोलणं उचललं होतं. तो मधूनच खणखणीत आवाजात म्हणायचा, "पुढचे या!" मास्तर दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा मुलीनं खरंच बोलावलं तर हे उठेनात.

त्याआधी आजोबांनी आम्हाला दोन शब्द सुनावून घेतले होते. "पहिल्यांदाच ना? मग काम सुरू व्हायच्या आधीच खर्चाचा अंदाज लिहून मागा. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. आज करायलाच हवं ते कुठलं आणि उद्यावर ढकललं तर चालेल ते कुठलं, तेही विचारा. बाई विचारलं म्हणून रागावत नाहीत. लपवलं की मात्र रागावतात. मागे ह्यानं माझ्या बायकोच्या कानातला खडा गिळला होता, मी बोललो नव्हतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, खड्याच्या दुप्पट खर्च आला."

मास्तर एकदम खोकायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ओळखलं. कोटाच्या कव्हरवरचं नाव वाचून तर नक्कीच ओळखलं. पण त्यांनी सरळ हात धुतले. बॉबिनला टेबलावर घेतलं, वजन केलं, तोंड उघडून जिभेखाली बघितलं, पोट हळूच चाचपलं. बॉबिन कण्हली. मला तो आवाज सहन झाला नाही.

"कधीपासून खाल्लं नाही?"

"काल दुपारपासून."

"घरी काही औषध? तेल वगैरे?"

"तेल," मी म्हटलं. "नणंदेनं. थोडंसंच गेलं."

"पुन्हा पाजू नका. घशाऐवजी छातीत गेलं तर ती दुसरी आफत. बरं, काही गिळलं असेल का? दोरा, रबर, रिबन?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"आमच्या दुकानात शिस्त आहे," ते पंख्याला म्हणाले. "जमिनीवर तुम्हाला दोऱ्याचं टोक सापडणार नाही."

ते खरंही होतं. त्यामुळे मी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो.

बाईंनी मग सांगितलं, की रक्त तपासू, एक्सरे काढू, त्यातून कळलं नाही तर सोनोग्राफी. पोटात अडथळा वाटतोय, आणि तसं असेल तर ऑपरेशन. मी लगेच अंदाज लिहून मागितला. मुलीनं कागद आणून दिला. खाली दोन आकडे होते, एक लहान, एक मोठा.

मास्तरांनी चष्मा लावला. "ह्या दोन आकड्यांच्या मधे एक अख्खा सूट बसतो. अस्तरासकट. नक्की आकडा सांगा ना."

"नक्की कसा सांगू?" बाई म्हणाल्या. "उघडून बघितल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही."

मला अशा वेळीही हसू आलं, देवा शपथ. हेच वाक्य मास्तर दिवसातून जितक्या वेळा म्हणतात तितक्या वेळा माझं नाव घेत नाहीत. पँट सैल करायला आणलेल्या प्रत्येक माणसानं ते ऐकलंय. मास्तरांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग उगाच म्हणाले, "रक्त राहू द्या. रक्ताला काय धाड भरलीये? नुसता एक्सरे काढा."

"भूल द्यावी लागली तर मूत्रपिंडं कशी आहेत ते आधी कळायला हवं. रक्त आजच. दात साफ करणं मी ह्यात धरलेलं नाही, ते पुढे कधीतरी. जे आज नको ते मी लिहिलेलंच नाही."

"सगळं करा," मी म्हटलं. "ह्यांचं ऐकू नका."

रक्त घेतलं. एक्सरे काढला. बाई म्हणाल्या, सुई नाही, हाड नाही, पण आतडी एका बाजूला गोळा झाल्यासारखी वाटतात. दोरा असेल तर तो एक्सरेत दिसत नाही. मग पोटावरचे केस काढून सोनोग्राफी. आम्हाला आत बोलावलं. मला त्या करड्या पडद्यावर ढगांशिवाय काही दिसेना.

"हे बघा," बाईंनी बोट ठेवलं. "हे आतडं सरळ, सैल असायला हवं. इथे त्याच्या घड्या घड्या झाल्यात."

मास्तर पुढे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "घड्या नाहीत," ते हळूच म्हणाले. "चुण्या आहेत."

"चुण्याच म्हणा."

"फ्रॉकच्या घेराला घालतो तशा. दोऱ्याचं एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं ओढायचं. कापड दोऱ्यावर गोळा होत जातं. आणि जास्त ओढलं तर..."

जास्त ओढलं तर दोरा कापड कापत जातो, हे मलाही माहीत आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं. मग मला सगळं कळलं. तेल दोन चमचे का, पंखा का, खोकला का, सगळं.

"अहो," मी म्हटलं, "काय केलंत तुम्ही?"

"दोरा होता," मास्तर म्हणाले. "काल सकाळी. तिच्या ओठातून वीतभर लोंबत होता."

"ओढलात?" बाईंचा आवाज चढला.

"जरासा. येईना. ती ओरडली. मग... मग कापला."

बाहेरून पोपट म्हणाला, "पुढचे या!"

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "ऐका. दोरा तोंडातून लोंबत असो नाहीतर मागून, ओढायचा नाही, कापायचा नाही. आहे तसं उचलून इथे आणायचं. कसला दोरा? केवढा? सुई होती?"

आता मात्र मास्तर तोंडपाठ असल्यासारखे बोलले. काजाचा दोरा, पॉलिस्टरचा, मेण लावलेला. माझ्या काजांसाठी हातभर तोडून टेबलाच्या कडेला ठेवला होता. सुई नव्हती, अजून ओवायचीच होती. वीतभर कापून खिशात टाकला, बाकीचा आत. दोरा दिसत नाही म्हणून मी विचारलं तेव्हा हेच मला म्हणाले होते, "नवा घे की, दोऱ्याला काय तोटा आहे!"

"हे दारात सांगितलं असतं," बाई म्हणाल्या, "तर मी सरळ सोनोग्राफीच केली असती. एक्सरेचे पैसे वाचले असते, ते जाऊ द्या. तिचा वेळ वाचला असता."

"का नाही सांगितलंत?" मला ओरडायचं नव्हतं, पण मी ओरडले.

मास्तरांनी बाईंकडे मान केली, पण नजर खालीच. "ह्यांना काय तोंडानं सांगू? शिवण ओढायची नसते, लहान पोरालाही कळतं, असं मीच सुनावलं होतं ह्यांना."

बाईंनी कागद पुढे केला. "ते आपण नंतर बघू," म्हणाल्या. "इथे सही करा."

कागदावर मालकाच्या सहीची जागा होती. मी पेन घ्यायच्या आत मास्तरांनी सही केली. मोठ्या आकड्याकडे बघितलंही नाही.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाकावर बसलो. खरं सांगते, मला त्या माणसाचा इतका राग आला होता की शेजारी बसवत नव्हतं, आणि इतकी भीती वाटत होती की उठवतही नव्हतं. अभिमानापायी मुक्या जिवाला एक दिवस तसंच बसू दिलं! मी तसं बोलूनही दाखवलं.

"मला वाटलं, ती टाकेल बाहेर," मास्तर म्हणाले. "तू झोपलीस की मी बघत होतो टेबलाखाली. सारखा बघत होतो." मग जरा वेळानं म्हणाले, "गेली तर मी मेलो." आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. खिडकीच्या पडद्याची दुमड उसवली होती, ती समोरच लोंबत होती. मास्तरांना ती दिसलीसुद्धा नाही. तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या टोपी काढतच. दोरा निघाला होता. आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं, एका जागी दोरा रुतला होता, पण आरपार गेला नव्हता. "अजून थोडा वेळ गेला असता तर मी काही सांगू शकले नसते," त्या म्हणाल्या. "आता तिचं खाणं महत्त्वाचं. दोन दिवस इथे ठेवू. घरी गेल्यावर शांत जागा द्या, थोडं थोडं मऊ खायला द्या. मांजरानं उपाशी राहिलेलं चालत नाही, यकृतावर येतं. खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल, आणि अशा अवस्थेत पुन्हा भूल द्यायला मला आवडणार नाही."

घरी न्यायच्या दिवशी मास्तर बिल एकेक ओळ बोट ठेवून वाचत उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता इथे तमाशा होणार.

"शिलाई कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

"ऑपरेशनमध्येच धरली आहे," बाई म्हणाल्या.

"शिलाई वेगळी लावत जा. डोळे फुटतात त्या कामात. आणि तो कोट पाठवून द्या."

बॉबिन घरी आली, नव्या पिंजऱ्यातून, गळ्यात भलीमोठी प्लास्टिकची कॉलर घालून. मास्तरांनी दुकानातली सगळी रिळं कुलपाच्या ट्रंकेत टाकली होती आणि दाराला पाटी लावली होती: आजारपणामुळे दुकान बंद. वन्संना चवड्यांवर जिना उतरायला सांगितला होता. रेडिओ बंद, मशीन बंद. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

आणि बॉबिन खाईना.

मी कोंबडीचं मऊ शिजवलेलं दिलं, नाही. बाईंनी दिलेला डबा कोमट करून दिला, नाही. वन्संनी बोटाला लावून तिच्या नाकाशी नेलं, तिनं डोळे मिटून घेतले. तो दिवस गेला. सकाळी फोन केला तर बाई म्हणाल्या, दुपारपर्यंत बघा, नाहीतर घेऊन या. मी पिंजरा पुसून दाराशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

मास्तर येरझारा घालून थकले आणि सवयीनं मशीनसमोर जाऊन बसले. मशीनवर कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. बसल्या बसल्या पाय पायडलवर गेला असणार. खडखड एक फेरा झाला.

बॉबिननं मान वर केली.

मास्तरांनी पाय उचलला. ती मान पुन्हा खाली गेली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते पायडल मारू लागले, सावकाश, एका लयीत, जाड कापडाची लांब शिवण घालताना मारतात तसं. आमच्याकडे आल्यापासून ह्या आवाजाशिवाय तिचं एकही जेवण झालेलं नव्हतं. आम्ही शांतता शांतता करून तिचं घरच काढून घेतलं होतं. मी तिची कॉलर सोडली आणि वाटी पुढे सरकवली. तिनं वास घेतला. जीभ बाहेर काढली. एकदा चाटलं, मग पुन्हा चाटलं.

"खातेय?" मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

"खातेय. थांबू नका."

दारावर थाप पडली. पँट सैल करायला देऊन गेलेले एक जाडे गृहस्थ काचेतून आत डोकावत होते. अर्ध्या उघड्या दारातून म्हणाले, "मास्तर, पाटी लावलीत दुकान बंद म्हणून, आणि मशीन तर चालू आहे! माझी पँट चाललीये का?"

मग त्यांचं लक्ष गेलं, की सुईखाली कापडच नाही. ते एकदा मशीनकडे बघत, एकदा मास्तरांच्या ओल्या डोळ्यांकडे.

"काय शिवताय तरी काय?"

"हळू बोला," मास्तर म्हणाले. "आमची बॉबिन जेवतेय."